पहिली वाट कोणती?

मोठे झाल्यावर तुम्हांला कधी तरी अनेक दिवसांचा पायी प्रवास करावासा वाटेल. महाराष्ट्रात अशा दोन सुंदर वाटा आहेत. एक आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीची आणि दुसरी कोकणच्या किनाऱ्याची. आधी कोणती निवडावी?

किनारा मन ओढून घेतो. अलिबागहून मुरूडकडे निघावे, तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या बागा आणि पुढे जंजिऱ्याचा किल्ला! पण ही वाट हुशारीची परीक्षा घेते. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू चालायला चांगली असते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. शिवाय ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. मध्येच खाडी आडवी येते. मग पूल शोधावा लागतो, नाहीतर दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट गाठावी लागते. पावसाळ्यात तर समुद्राच्या वाटेला जाऊच नये. तेथे चुकलात, तर सावरायला जवळ कोणी असेलच असे नाही.

वारीची वाट वेगळी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरचे अंतर ज्येष्ठ-आषाढात, पावसाच्या दिवसांत चालावे लागते. पुणे ते सासवड हा टप्पाच सुमारे 30 किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाची चढण! पण तेथे तुम्ही एकटे नसता. दिंडीचे सामान ट्रकमधून जाते, जेवण एकत्र होते. थकलेल्याला सोबतचे लोक धीर देतात. शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या आजीबाई सगळे एका चालीने चालतात. गावोगावची मराठी कानांवर पडते. असा भाषेचा वर्ग कोठे मिळणार?

तुम्ही म्हणाल, "ती वाट दुसऱ्यांची. तेथे आपले काय काम?" हा विचार मला पटत नाही. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ थांबते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे वारकरी परंपरेतील मराठी संतकवी होते. आणि आपल्या कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांच्या नागपूरच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतातच ना? कोणी त्यांना परके म्हणत नाही. आपण आपली नमाज वेळेवर पढावी आणि त्यांचे अभंग आदराने ऐकावेत. त्यामुळे कोणाचा धर्म कमी होत नाही.

म्हणून माझे मत असे, की पहिली वाट माणसांची निवडा. एखादा टप्पा चाललात तरी पुरे. पायांना सवय झाली, दुसऱ्याच्या चालीशी चाल जुळवता आली, की मग हिवाळ्यात जाणत्या सोबत्यांबरोबर समुद्राकडे जा.

तोपर्यंत? आपली कन्हान नदी जवळच आहे. घरच्यांना सांगून, मित्रांना घेऊन रविवारी सकाळी तिच्या दिशेने चालायला लागा.