झाडं न लावता जंगल, आणि त्याचे पैसे

"सर, कार्बन क्रेडिटचा धंदा कसा सुरू करू?" हल्ली हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मित्रांनो, आधी ऑस्ट्रेलियाचं बघा. तिथे यासाठी २०११ पासून कायदा आहे.

क्वीन्सलंडचा नैऋत्य भाग. पाऊस बेभरवशाचा, एकेकाची जमीन हजारो हेक्टर, आणि तिच्यावर मुल्गा, म्हणजे आपल्या बाभळीच्या कुळातलं देशी झाड. दुष्काळात पशुपालक हाच पाला तोडून जनावरांना घालतात. कार्बनच्या योजनेत त्यांनी एकही रोप लावायचं नव्हतं. चराई कमी करायची, मोकाट बोकड आवरायचे, झाडी साफ करणं थांबवायचं. मग दबून राहिलेली झाडी आपोआप वर येते. ती २ मीटर उंच होऊन २० टक्के जमीन झाकेल, तर ते जंगल. टनामागे एक क्रेडिट.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण जंगल २५ किंवा १०० वर्षं राखायचं. २५ निवडली तर क्रेडिटमध्ये २० टक्के कपात. म्हणजे आज सही तुमची, आणि अट पाळणार कदाचित तुमचा मुलगा.

खरी गोम पुढे आहे. २०२२ मध्ये अँड्र्यू मॅकिन्टॉश या प्राध्यापकांनीच बोट ठेवलं, आणि हे गृहस्थ आधी याच योजनेच्या देखरेख समितीचे अध्यक्ष होते! त्यांचं म्हणणं, झाडी वाढली ती मुख्यतः पावसामुळे; चराई कमी केल्याचा वाटा फार थोडा. सरकारने चौकशी नेमली. तिने योजना मुळात ठीक ठरवली, सुधारणाही सुचवल्या. वाद मात्र मिटला नाही. सप्टेंबर २०२३ अखेर या पद्धतीत नवीन नोंदणी बंद झाली.

मला मॅकिन्टॉश यांचा मुद्दा पटतो. दिवाळीत गिऱ्हाईक वाढलं आणि आपण म्हणतो माझ्या जाहिरातीने वाढलं, तसंच हे. इथे विकायचा माल झाड नाहीच. "माझ्यामुळे झालं, नाहीतर झालं नसतं" हा दावा विकायचा असतो, आणि तो सिद्ध करणं महाग पडतं. देशी झाडी परत यावी हे मलाही हवंय, पण त्यासाठी चराई सोडणाऱ्याचं पोट आधी भरायला हवं.

म्हणून कुणी एजंट तुमच्या माळरानाचा करार घेऊन आला, तर दर नंतर विचारा. आधी विचारा : किती वर्षं, मोजणार कोण, वणवा लागला तर नुकसान कुणाचं, आणि त्याचा हिस्सा किती. उत्तरं कागदावर घ्या, आणि सही करण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा.