रात्रपाळी कोणाची?

अब्बांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता तेव्हा घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागायची. सगळे अब्बांची विचारपूस करायचे, अम्मी चहा ठेवायची. ती रात्रीत चार-चार वेळा उठते, हे मलासुद्धा उशिरा कळलं. औषधांचे पैसे देतोय म्हणजे झालं, असंच मी समजत होतो.

आमच्या ऑफिसात सर्व्हरसाठीही रात्रपाळी आळीपाळीने लावतात. घरात मात्र एकच बाई महिनोन्‌महिने जागते आणि आपण तिला सब्र करायला सांगतो.

केरळ सरकारने २००८ सालीच पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं. तिथे नर्स आणि प्रशिक्षित स्वयंसेवक घरी येतात, जखम स्वच्छ करतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात. आपल्याकडे सरकार जागं होईल तेव्हा होवो. मय्यतीला मोहल्ल्यातली शंभर माणसं जमतात. त्यातल्या चौघांनी आधीच एकेक रात्र वाटून घ्यायला काय हरकत आहे? निदान भेटायला गेल्यावर चहा आपण करावा, तिला दोन तास झोपू द्यावं.

अब्बांची कूस कशी बदलायची, हे मी त्यांच्या शेवटच्या आठवड्यात शिकलो. शिकायला दहा मिनिटं लागली.