शाहिराचा माईक आणि डीजेची भिंत

अंधेरीत आवाजाचा धंदा मोठा आहे. वीरा देसाई रोडवर यशराजचा स्टुडिओ आहे, ओशिवरा-वर्सोव्यात डबिंग आणि रेकॉर्डिंगच्या खोल्या आहेत. हिंदी सिनेमातल्या नायकाचा श्वासही नीट ऐकू यावा म्हणून इथे रात्र रात्र घासाघीस चालते. याच अंधेरीत मरोळ, साकीनाका, आंबोली, गिल्बर्ट हिल भागातल्या वस्त्यांत 14 एप्रिलला शाहीर उभा राहतो, तेव्हा त्याचा शब्द तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही. बेस छातीत धडकतो, ढोलकी ऐकू येते, आणि बाबासाहेबांविषयी तो काय सांगतोय ते कोणालाच कळत नाही. हा प्रश्न मशीनचा आहे असे सगळे म्हणतात. आमच्या मते तो मालकीचा आहे.

जयंती मंडळाची जमाखर्चाची वही उघडा. डीजेचा आकडा सगळ्यात वर दिसेल, गायन पार्टीचा तळाशी. एका रात्रीसाठी बॉक्सची भिंत भाड्याने येते आणि सकाळी टेम्पोत भरून निघून जाते. वर्गणी गेली, हातात काही उरले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गायन पार्टीला त्याच डीजेवाल्याचा एक जादाचा माईक मिळतो आणि तो जोडणारा माणूस म्हणतो, "दोन गाणी म्हणा, मग आम्हाला चालू करायचंय." बॉक्स उचलणारी पोरे आपली, वर्गणी आपली, जयंती आपली, मिक्सरवरचे बोट मात्र दुसऱ्याचे. ज्याचे बोट मिक्सरवर, तो ठरवतो की कोण बोलेल आणि किती वेळ बोलेल.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या पानावर जागा मागून चालणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे 'बहिष्कृत भारत' आले, 'जनता' आली, स्वतःचा भारत भूषण छापखाना आला. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अक्षर न वाचणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोचवणारा तोही एक छापखानाच होता. आज वस्तीतल्या गायन पार्टीसाठी साउंड सिस्टीम म्हणजे छापखाना. तो भाड्याचा ठेवून आपण आपल्या शब्दाचा मालक होऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. एप्रिल आला की काही लोकांना ध्वनिप्रदूषण आठवते. इतर उत्सवांत, वरातीत, राजकीय सभेत त्यांचे कान बंद असतात. त्या ढोंगात आम्ही सामील नाही. आमचा डीजेवरचा आक्षेप आपल्या घरातला आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे भिंतीसाठी पैसे मोजायचे, आणि ती पूर्ण वाजवली तर गुन्हाही आपल्याच पोरांवर. दोन्हीकडून नुकसान आपले.

आणि भिंतीने शब्द ऐकू येत नाही, हे साधे विज्ञान आहे. क, च, ट, प, स ही व्यंजने वरच्या पट्टीत, हजार-दोन हजार हर्ट्झच्या पुढे स्पष्ट होतात. 100 हर्ट्झच्या खाली फक्त धडधड असते, तिथे शब्द नसतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की 6 डेसिबल फुकटात मिळतात. म्हणून दोन चांगले बॉक्स स्टँडवर, डोक्यांच्या वर, लोकांच्या जवळ लावा. चाळीच्या पटांगणातल्या दोन-तीनशे लोकांना शाहिराचा प्रत्येक शब्द कळेल.

मग घ्यायचे काय? ढोलकी, हार्मोनियम, मुख्य गायक आणि दोन कोरस अशी पार्टी धरून सांगतो.

पहिला खर्च माईकवर. शुअर एसएम 58 हा माईक 1966 पासून जगभरच्या स्टेजवर आहे, पण बाजारात त्याची नक्कल भरपूर आहे. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून उडी मारू नका. नकली नावापेक्षा कमी किमतीचा, पण खऱ्या कंपनीचा माईक बरा.

दुसरा खर्च बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायरवर. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा बहुधा 'पीक' असतो. दुकानदाराला आरएमएस किती ते विचारा आणि त्यावरच तुलना करा. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला बॉक्स घेतला तर जोडणी सोपी होते, पण बोर्ड जळला की अख्खा बॉक्स बसतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि साधे बॉक्स घेतले तर एक भाग बिघडला तरी तेवढाच बदलता येतो. मात्र 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायर 4 ओहमवर चालतो का, हे आधी पाहा. आहुजाचा 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा मोर्चासाठी ठेवा, तिथे त्याला तोड नाही. गाण्यासाठी भोंगा नको. तो ढोलकीचा धूम खातो आणि गळा पत्र्यासारखा करतो.

तिसरा खर्च मिक्सरवर, आणि इथे नावातल्या आकड्याला फसू नका. बेहरिंगर एक्सआर 12 च्या नावात बारा आहे, पण माईकसाठीच्या जागा चारच. एक्सआर 16 ला आठ, एक्सआर 18 ला सोळा. साउंडक्राफ्ट यूआय 12 ला आठ माईक लागतात, आणि तो मोबाईलच्या ब्राउझरवर चालतो, वेगळे अ‍ॅप लागत नाही. पाच जणांच्या पार्टीला, ढोलकीचे दोन माईक धरून, आठ पुरतात. तीन-चारच माईक असतील तर डिजिटलच्या मागे धावू नका, साधा छोटा मिक्सर बास आहे.

डिजिटल का, तर चार कारणांनी. प्रत्येक माईकवर 100 हर्ट्झच्या खालचा गोंगाट कापता येतो. शिट्टी मारणारी नेमकी पट्टी शोधून तेवढीच खाली आणता येते. गायकाला स्वतःचा आवाज वेगळा ऐकवता येतो, म्हणजे ओरडून गळा फुटत नाही. आणि एकदा जमवलेले सगळे साठवून पुढच्या कार्यक्रमाला एका बोटावर परत आणता येते. चौथ्या कारणाचा सगळ्यात मोठा फायदा बायकांना होतो. स्टेजवर पुरुषाच्या गळ्यासाठी लावलेला माईक तसाच तिच्या हातात दिला जातो, आणि मग "बाईचा आवाज चिरका लागतो" म्हणायला आपण मोकळे. तिच्या आवाजाची सेटिंग तिच्या नावाने साठवा, मग बोला.

अडचणीही आहेत. मिक्सरच्या आतले वायफाय गर्दीत तुटते. वेगळा छोटा राउटर लावा आणि मोबाईल विमान मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू करा. लाइट गेली की मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. छोटा यूपीएस लावा. मीटरवरून आकडा टाकून घेतलेल्या लाइनला अर्थिंग नसते, माईकला ओठ लागला की झटका बसतो. अर्थिंगशिवाय कार्यक्रम नाही, हा नियमच करा. गायकाचा जीव वर्गणीपेक्षा स्वस्त नाही.

"हे आपल्याला परवडणार नाही," असे कोणी म्हणेल. एका मंडळाला नाही परवडणार. पण चार-पाच मंडळे आणि दोन-तीन गायन पार्ट्या मिळून एक संच घेऊ शकतात. सामान बुद्धविहारात, नोंदवही विहारात, मंडळांना नाममात्र भाडे आणि त्यातून दुरुस्तीचा फंड. खरेदीला आणि दुरुस्तीला लॅमिंग्टन रोड आहेच. दोन मुली आणि दोन मुलगे मिक्सर शिकतील, वर्षभर लग्नांत, परित्राण पाठाला, सभेला काम करतील. शिकलेल्या हाताला अंधेरीतल्या त्याच स्टुडिओंची दारेही ठोठावता येतील.

"डीजे नसेल तर तरुण येणार नाहीत," हा दुसरा आक्षेप. तरुण नाचायला येतो, यात गैर काही नाही. आपल्या आनंदाला कोणाची परवानगी नको. पण त्याला ऐकण्यासारखे काही नीट ऐकवले कधी? शब्द फाटका ऐकवायचा आणि मग म्हणायचे की पोरांना प्रबोधन नको. हा पोरांवर अन्याय आहे.

शेवटचा मुद्दा जपणुकीचा. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली, गायली. त्या मानाने त्यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण थोडे. रमाबाई नगरातल्या 11 जुलै 1997 च्या गोळीबारानंतर चारच दिवसांनी जीव देणाऱ्या विलास घोगरेंचा आवाज आपल्याला ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धनांनी 1985 च्या 'बॉम्बे : अवर सिटी'मध्ये त्यांचे गाणे टिपले. पटवर्धनांचे ऋण आहेच. पण आपला शाहीर जपायला बाहेरून कोणी कॅमेरा घेऊन यावा, याची वाट किती दिवस पाहायची? एक्सआर 18 सारखा मिक्सर लॅपटॉपला जोडला की प्रत्येक माईक वेगळा नोंदला जातो. प्रत्येक जयंती, प्रत्येक जलसा आपल्याच हाताने जपता येतो.

येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत, डीजेचा आकडा ठरण्याआधी, एवढा एक प्रश्न वहीत लिहून घ्या : या वर्षीच्या वर्गणीतून 15 एप्रिलच्या सकाळी वस्तीत काय उरणार आहे?

जय भीम!