शिकवायला चालतो, मग शिकायला का चालत नाही?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची एक तरतूद केली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम करून नाव कमावलेल्या माणसाला, त्याच्याजवळ पदवी नसली तरी, विद्यापीठात शिकवण्यासाठी बोलावता येईल असे त्यात म्हटले आहे. उद्योग, प्रसारमाध्यमे, साहित्य, ललितकला अशी सगळी क्षेत्रे त्यात येतात. अनुभव हेही ज्ञान आहे हे देशातल्या उच्च शिक्षणाच्या सर्वोच्च संस्थेने अखेर मान्य केले, याबद्दल आम्ही तिचे अभिनंदनच करू. (या नेमणुकांत आरक्षणाचे काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. तो आजही संपलेला नाही.) पण आमचा सवाल दुसराच आहे. पंधरा वर्षे संकलनाच्या टेबलावर बसलेला माणूस एम.ए.च्या वर्गाला शिकवायला चालतो. तोच माणूस त्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायला गेला तर खिडकीवरचा कारकून त्याला विचारतो, ‘बी.ए. झालाय का?’ नसेल तर परत जा! गुरू म्हणून पात्र आणि शिष्य म्हणून अपात्र, असा हा अजब न्याय आहे.

हा माणूस कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तो आपल्याच वस्तीत राहतो. शाळेत असताना त्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत दिल्या. पुढे कलाशाळेत जायचे तर कॅनव्हास, रंग, ब्रश यांचाच खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. म्हणून तो फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात लागला. तिथे कोरलड्रॉ शिकला, फोटोशॉप शिकला. चौदा एप्रिलला चौकाचौकांत लागणारी बाबासाहेबांची चित्रे त्याच्या हातची असतात. कोणी डीटीपी ऑपरेटर झाला. कोणी लग्नाचे व्हिडिओ काढता काढता मालिकांच्या संकलनापर्यंत पोहोचला. कोणी भीमगीतांच्या ध्वनिमुद्रणात साऊंड सांभाळतो. कोणी चित्रनगरीत बारा बारा तासांच्या शिफ्टमध्ये लाईट लावतो. हीच आजच्या भाषेतली ‘क्रिएटिव्ह इंडस्ट्री’. या उद्योगात काम आमच्या पोरांचे असते, पण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव कुठेतरी तळाला असते. वर चढायचे म्हटले की कागद आडवा येतो.

परदेशात यावर काही उपाय निघाले आहेत. ब्रिटनमध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठासारख्या काही विद्यापीठांनी १९९० च्या दशकापासून ‘कामावर आधारित’ पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. आपण ज्याला पत्राद्वारे शिक्षण म्हणतो त्यापेक्षा ते वेगळे आहे. पत्राद्वारे शिक्षणात पुस्तके घरी येतात आणि परीक्षा हॉलमध्ये होते. तुम्ही दिवसभर काय काम करता याच्याशी त्या पुस्तकांचा संबंध असेलच असे नाही. कामावर आधारित शिक्षणात तुमचे कामच अभ्यासाचा विषय असते. विद्यार्थी, विद्यापीठ आणि शक्य असेल तिथे मालक असा तिघांचा लेखी करार होतो. मागच्या अनुभवातून काय शिकलात ते पुराव्यानिशी मांडायचे, त्यासाठी केलेल्या कामांचा संग्रह सादर करायचा. विद्यापीठ ते तपासते आणि त्याचे गुणांक देते. पुढे हातात असलेल्या खऱ्या प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करायचे. ते तसेच का केले, दुसऱ्या कोणत्या वाटा होत्या, कुठे फसले याची चिकित्सा लिहून काढायची. शेवटी तोंडी परीक्षा. नोकरी सोडावी लागत नाही. काम वाढले तर एखादे सत्र पुढे ढकलता येते. ज्याच्या कमाईवर घरातली चार-पाच तोंडे अवलंबून आहेत, त्याला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने एम.ए. होता येणार आहे?

हे म्हटले की गुणवत्तेचे ठेकेदार लगेच टाहो फोडतील, की दर्जा घसरेल. या मंडळींना आम्ही एवढेच विचारतो, अण्णाभाऊ साठे किती दिवस शाळेत गेले? हातावर मोजता येतील इतकेच. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ आली. आज त्यांच्या साहित्यावर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात आणि ते लिहिणारे प्राध्यापक होतात. पण खुद्द अण्णाभाऊ मराठी विभागाच्या दारात उभे राहिले असते, तर आजच्या नियमाने त्यांचा अर्जसुद्धा कोणी घेतला नसता! अलीकडचे उदाहरण हवे असेल तर नागराज मंजुळे यांचे घ्या. तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना त्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ सगळ्यांना ठाऊक आहे. खरे काम हीच परीक्षा मानली की काय घडते, त्याचा हा नमुना. मात्र तिथपर्यंत पोहोचायला आधीची पदवी हातात असावी लागते आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते.

शिक्षण आणि नोकरी एकत्र चालवण्याचा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षणच बघा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण येण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पै-पै साठवली, १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढला आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती चार वर्षांची सवलत नसती तर? आज ज्याला लवचीक शिक्षण म्हणून नवे नाव दिले जाते, ते याहून वेगळे काय आहे? म्हणूनच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे यासाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत सुरू झाले आणि पुढे त्याला बाबासाहेबांचेच नाव दिले गेले, हे योग्यच झाले. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. शाळा सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली आणि आपल्या कितीतरी बंधुभगिनी त्या वाटेने पदवीधर झाल्या.

कागदावर पाहिले तर आता सरकारनेही दार उघडले आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. शिकण्याचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला बाराशे तास म्हणजे चाळीस क्रेडिट, असा त्याचा हिशेब आहे. कामाच्या अनुभवाचेही मूल्यमापन करून क्रेडिट देता येईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२४ साली पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा आला, त्यातही लवचीकतेची भाषा आहे. भाषा उत्तम आहे! पण तिचा उपयोग वस्तीतल्या पोराला तेव्हाच, जेव्हा एखादे विद्यापीठ पुढे येऊन म्हणेल की आण तुझे दहा वर्षांचे काम, आम्ही तपासतो. तपासायला माणसे लागतात, वेळ लागतो. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून गाडा ओढून घ्यायचा, अशा कारभारात हे तपासणार कोण?

आणि पैशाचे काय? आमची खरी भीती इथेच आहे. नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम म्हटले की ते स्वयंअर्थसहाय्यित करायचे, फी लाखांत ठेवायची आणि ‘हे तर कमावते लोक’ म्हणून सवलती आणि आरक्षण बाजूला सारायचे, ही चाल आता ओळखीची झाली आहे. आपल्या शिष्यवृत्त्यांची सारी घडण पूर्णवेळ विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करणारा त्या चौकटीत नीट बसतच नाही. परदेशी शिष्यवृत्तीचे तर विचारूच नका. २०२२ साली केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषयच वगळले. म्हणजे आमच्या जलशाचा किंवा तमाशाचा अभ्यास बाहेरच्या विद्यापीठात करायचा, तर त्यासाठी ही मदत नाही. सरकारी मदत एका फटक्यात कशी जाते, याचे उदाहरण इंग्लंडमध्येही आहे. तिथे मालकांकडून गोळा केलेल्या निधीतून पदव्युत्तर पातळीची उमेदवारी करता येत असे. जानेवारी २०२६ पासून बावीस वर्षे आणि त्यापुढच्या बहुतेक नव्या उमेदवारांसाठी तो निधी बंद झाला. ज्यांनी आधी काम केले आणि मग शिकायला निघाले, नेमके तेच वगळले गेले.

इकडे मुंबईत पैसा नाही असे कोणी म्हणू नये. मे २०२५ मध्ये ‘वेव्हज’ परिषदेचे ढोल वाजले. भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेसाठी सुमारे चारशे कोटी रुपये आणि गोरेगावच्या चित्रनगरीत जागा देण्याची घोषणा झाली. गुगलपासून ॲडोबपर्यंत बड्या कंपन्या सोबतीला आहेत. संस्था व्हावी, मोठी व्हावी. पण त्याच गोरेगावात वर्षानुवर्षे राबणाऱ्या कामगाराला तिच्या वर्गात जागा किती, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना किती, आणि फी कोण भरणार, हे सरकारने जाहीरपणे सांगावे. जमीन जनतेची आहे, तिजोरीही जनतेची आहे.

हा प्रश्न पडद्यापुरताच नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कबुली दिली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतची सगळी विद्या आमच्या चर्मकार बांधवांच्या बोटांत आहे. पण तो ‘कारागीर’ आणि मिलानमध्ये कागदावर चित्र काढणारा ‘डिझायनर’. जातीने ज्ञानाचे जे विभाजन केले, तेच आज पदवीच्या नावाने चालू आहे. या कारागिराच्या मुलीने स्वतःच्याच कारखान्यात काम करत, स्वतःच्याच घराण्याच्या विद्येवर डिझाईनची पदव्युत्तर पदवी घ्यावी, यात अशक्य ते काय आहे?

एक व्यवहाराची अडचण मात्र आहे आणि तिच्याबद्दल आजच बोलले पाहिजे. अनुभव मोजायचा तर पुरावा लागतो. आमची माणसे बहुधा रोजंदारीवर, कंत्राटावर आणि तोंडी बोलीवर काम करतात. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, चित्रपटात नाव नाही. मालकाचे पत्र आणा म्हटले तर मालक फोनही उचलत नाही. म्हणून विद्यापीठांनी फक्त मालकाच्या पत्रावर अडून बसू नये. कामगार संघटनेचा दाखला, बँकेत जमा झालेले मानधन, छापलेल्या कामाची प्रत आणि सोबत काम केलेल्यांची साक्ष हेही पुरावे धरावेत. आणि आमच्या कलावंत, तंत्रज्ञ बंधुभगिनींना सांगणे असे की, एक वही घाला. कोणते काम, कोणासाठी, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, त्यात तुमचा वाटा काय, याची नोंद त्या त्या दिवशी करा. फ्लेक्सची मूळ फाईल पुसू नका, पोस्टरची एक प्रत घरी ठेवा, ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचा फोटो जपून ठेवा. वस्तीतल्या वाचनालयांनी आणि बुद्धविहारांनी महिन्यातून एक रविवार या नोंदी लिहून देण्यासाठी ठेवावा. लिहिता येणारी पोरे आता प्रत्येक वस्तीत आहेत.