हंडा वाहणं म्हणजे व्यायाम नव्हे

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या वस्त्यांत व्यायामाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला कशाला व्यायाम, आमचं कामच व्यायाम आहे. हे आम्हाला मान्य नाही. तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यात. त्यांच्या पाण्यावर मुंबई जगते आणि इथले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकाड चढणाऱ्या बाईची मान आणि गुडघे झिजतात. दम लागला तरी तिला थांबता येत नाही, पाठ दुखली तरी उद्याची खेप चुकत नाही. व्यायामात किती करायचं आणि कुठे थांबायचं हे आपण ठरवतो. कष्टात ते दुसरं कुणीतरी ठरवतं.

तालीम ही मुळात पोटभर खाणाऱ्याची आणि मोकळा वेळ असणाऱ्याची. शिवाय तालमीत मारुती असायचा, आणि त्या मारुतीच्या पायरीला आपल्याला शिवू देत नव्हते. आपल्या माणसांना शिस्तीची कवायत मिळाली ती पलटणीत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच पिढीचे. एकोणिसावं शतक संपता संपता इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा ती परत सुरू करा म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे अर्ज केला. नोकरीची मागणी तर ती होतीच, पण ताठ उभं राहण्याचीही होती. पुढे 1927 मध्ये समता सैनिक दल उभं राहिलं. वेठीला वाकलेली माणसं रांगेत छाती काढून चालू लागली. आम्ही याला आपल्या व्यायामाचा इतिहास म्हणतो. तो शाळेच्या पुस्तकात नाही, एवढंच.

त्याच्याही आधीची गोष्ट विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. वैशालीत भिक्खूंना लोक आग्रहाने चांगलंचुंगलं जेवू घालत. त्याने ते आजारी पडू लागले. जीवक वैद्याने ते पाहिलं आणि भगवंतांना विनंती केली की यांना चंक्रमणाची, म्हणजे ठरावीक जागेत येरझाऱ्या घालण्याची, आणि गरम स्नानगृहाची परवानगी द्या. भगवंतांनी ती दिली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितलेत: लांबचा प्रवास झेपतो, मेहनत झेपते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना लाभलेली एकाग्रता टिकते. नवस नाही, चमत्कार नाही.

आता आपली पोरं पहाटेची कसारा लोकल धरतात किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणला जातात, गोदामात पाळीभर उभी राहतात आणि रात्री मोबाईलवर दंड बघतात. काही जण पगारातून पावडरचा डबा आणतात. त्या पैशात घरातल्या सगळ्यांना कितीतरी दिवस अंडी, हरभरे आणि सुकट मिळेल. डबा एकटाच खातो, हेही आम्हाला खटकतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. रोज अर्धा तास, पाच दिवस. पैसा लागत नाही, जागा लागते. पोरांना रस्ता आहे. बायकांनी आणि मुलींनी कुठे चालायचं? नाक्यावर कोण काय बोलेल याची धास्ती असते. आपल्या विहाराचं, समाजमंदिराचं अंगण असतं, पण बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप असतं आणि ते 14 एप्रिलला निघतं. ते रोज सकाळी तासभर बायकांसाठी उघडा. अंगणातला दिवा गेला असेल तर ग्रामसभेत मागा. आणि तेवढा तास चूल आणि पाण्याची एक खेप घरातल्या पुरुषाने सांभाळावी, नाहीतर हे सगळं बोलणं फुकट आहे.

तिशी ओलांडलेल्यांनी सुरुवात करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यावी, ती तिथे मोफत होते. चालताना छातीत कळ आली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.