तारेचं काम आणि तारेचं कौतुक

घरात गाणी वाजवायला स्ट्रीमर आणला की दोन सल्लागार आपोआप येतात. पहिला म्हणतो, "आता सगळं हवेतून येतं, भिंतीला भोकं कसली पाडता?" दुसरा म्हणतो, "तार घ्याच, पण साधी नको. भारीतली घ्या, तंबोऱ्याची जवारी कशी खुलते बघा." दोघेही चुकतात, दुसरा जरा महागात पाडतो.

पहिल्याचं म्हणणं एका खोलीत चालेल. सुपा गाव धरणात गेलं आणि विस्थापितांसाठी रामनगर वसलं, तेव्हा आजोबांनी इथं चिऱ्याचं घर बांधलं. भिंती हातभर जाड, जोयड्याच्या आषाढात पाणी पिऊन बसलेल्या. राउटर ओटीवर, स्ट्रीमर माजघरात. ओला दगड रेडिओलहरी गिळतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पहिल्याच भिंतीशी दमतात, २.४ च्या पलीकडे पोचतात, पण त्याच पट्ट्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह लुडबुडतो. मल्लिकार्जुन मन्सूरांची तान समेवर यायच्या बेतात, आणि पडद्यावर चक्र फिरू लागतं. "पण स्पीड भरपूर आहे ना?" आहे की. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १.४ मेगाबिट पुरतात, आमचा सरासरी वेग त्याच्या कितीतरी पट. पण महिन्याचं पाऊसमान सांगून आजची गळती थांबत नाही.

आता दुसरे. गाणं येतं ते आकड्यांच्या पुडक्यांनी. पुडकं हरवलं तर पुन्हा मागवलं जातं, बिघडलेलं टाकून दिलं जातं. स्ट्रीमर काही सेकंदांचा साठा करतो आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर वाजवतो. वाय-फायवरून धड पोचलेलं गाणं आणि तारेवरून आलेलं गाणं आकड्यागणिक एकच. जवारी तंबोऱ्याच्या घोडीवर लागते, लॅन केबलवर नाही. शिवाय या जोडणीत ट्रान्सफॉर्मर असतो, साध्या तारेतून विजेचा थेट सांधा जुळतच नाही. म्हणजे 'विजेच्या गोंगाटा'ची भीती घालणाऱ्यांचंही निम्मं दुकान बंद.

मग तार का? तान तुटू नये म्हणून, एवढंच. साधी कॅट-६ घ्या, फक्त आतून पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम वाकवलं की तुटतं. १०० मीटरपर्यंत चालते, मला १८ पुरली. चौकटीवर ड्रिल लावलं तेव्हा लाल भुकटी केसांत बसली. पिन आत गेली, टक् वाजलं, स्ट्रीमरचा हिरवा दिवा लागला आणि त्या पावसाळ्यात चक्र दिसलं नाही.

फांदी पडून बाहेरची फायबर तुटली तर ही तार काही करू शकत नाही. तेव्हा घरच्या हार्ड डिस्कवरची गाणी वाजतात, तीही इन्व्हर्टर असेतो. आणि अंगणापलीकडच्या खोलीत तांबं नेऊ नका. मी नेलं होतं. वळवाच्या एका विजेने दोन्ही टोकांची यंत्रं जाळली. तिथं आता काच आहे, फायबर.

आईचा मात्र आक्षेप कायम आहे: पांढऱ्या चुन्यावर निळी तार दिसते. तो मला खोडता आलेला नाही.