कर्जाला बायको चालते, करारनाम्याला का नाही?

"मॅडम, तुमचं नावच नाही यात. साहेबांना पाठवा."

एका बिल्डरच्या ऑफिसात, आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईला हे उत्तर मिळालं. मी तिच्या शेजारीच बसले होते. फ्लॅट बुक करताना तिच्या माहेरच्या बांगड्या मोडल्या, भिशीचे पैसे गेले. पोळ्यांच्या कामाचा पगार दर महिन्याला हप्त्यात जात होता. ताब्याची तारीख उलटून चार वर्षं झाली होती. मधल्या काळात नवऱ्याने दुसरा संसार थाटला. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा कळलं, की त्याने बुकिंग रद्द करून पैसे परत मागितले आहेत. बँकेचं कर्ज वळतं करून जे उरेल ते त्याच्या खात्यात जाणार. उरणार होत्या त्या तिच्या बांगड्याच.

यात बेकायदेशीर काही नव्हतं. माझा राग नेमका त्यावर आहे.

नवं घर घेणाऱ्याला आज कायद्याचं बरंच संरक्षण आहे. महाराष्ट्रात 1963 पासून मोफा कायदा आहे. घर बांधून देणं ही सेवा आहे आणि त्यात कसूर झाली तर ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये स्पष्ट केलं. 2016 मध्ये रेरा कायदा आला. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत घ्यायचे, की थांबून दरमहा व्याज घ्यायचं, हे ग्राहकाने ठरवायचं. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा.

हे हक्क चांगलेच आहेत. पण ते कुणाचे? ज्याच्या नावावर फ्लॅट दिला त्याचे. परतावा त्याला, व्याज त्याला, थांबायचं की सोडायचं हा निर्णयही त्याचा. तिने पैसे दिले असतील, पण पावती त्याच्या नावाची. म्हणजे बिल्डरविरुद्ध ग्राहकाच्या हातात दिलेलं हत्यार घरात नवऱ्याच्याच हातात राहतं.

बँकेचा न्याय तर याहून अजब. कर्ज वाढवून हवं असेल तर बायकोचा पगार मोजतात, सहकर्जदार म्हणून तिची सही घेतात. मात्र सहकर्जदार असणारीचं नाव करारनाम्यावर असलंच पाहिजे, असा आग्रह धरत नाहीत. हप्ता थकला की नोटीस तिलाही, घर मात्र त्याचं!

कुणी म्हणतं, "घर दोघांचंच असतं, नावात काय आहे?" नावात काही नसेल, तर तिचं नाव घालायला अडचण कसली? हा प्रश्न मी अनेक घरांत विचारला आहे. उत्तरादाखल बहुतेक वेळा सासूबाई चहा ठेवायला उठतात.

सरकारचंही धोरण एकसारखं नाही. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातल्या बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं, अशी अट घातली. म्हणजे अट घालता येते. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून बाईने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळू लागली. पण ती फक्त बायकांच्याच नावावर घेतलेल्या घराला. नवराबायकोने मिळून घेतलं तर नाही. मग काही हुशार नवरे सवलतीपुरतं तिचं नाव लावतात आणि त्याच दिवशी कुलमुखत्यारपत्रावर तिची सही घेऊन ठेवतात.

आता थोडं आपल्याबद्दल. समाजकार्याची पदवी घेताना मी समुपदेशन शिकले, गटबांधणी शिकले. करारनामा वाचायला कुणी शिकवलं नाही. संघटना म्हणून आपण राहत्या घरातून बाईला हाकलू नये यासाठी झगडलो, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तो हक्क आला. पण जे घर अजून उभंच राहिलेलं नाही, जिथं कुणी एक रात्रही काढलेली नाही, तिथं राहण्याचा हक्क कशाच्या आधारावर मागायचा? तिथं कामाला येतो तो करारनाम्यावरचा नावाचा रकाना.

म्हणून मैत्रिणींनो, मारहाणीची तक्रार घेऊन बाई येण्याआधीच, बचत गटाच्या बैठकीत हे बोलायला हवं. बांगडी मोडण्याआधी बुकिंग फॉर्मवर नाव. पैसे रोख नाहीत, शक्यतो आपल्या खात्यातून. महारेराचा नोंदणी क्रमांक स्वतः तपासायचा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा 8 फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पांना रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि गरीब घरांतल्या बाया बहुधा अशाच छोट्या इमारतीत घर घेतात. तिथं तर दुप्पट सावध राहायचं. न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही नाही.

आणि दोन मागण्या लावून धरायच्या: सहकर्जदार बायकोचं नाव करारनाम्यावर असल्याशिवाय बँकेने कर्ज देऊ नये, आणि मुद्रांक शुल्काची सवलत संयुक्त नावालाही मिळावी. रेराच्या कलम 31 प्रमाणे नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनेलाही तक्रार करता येते. अशा संघटनांशी आपण हात मिळवायला हवा.

त्या बाईचे पैसे अजून अडकलेले आहेत. तिची मुलगी यंदा नोकरीला लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी तिने मुलीला एकच सांगितलं: घर घेशील तेव्हा आधी कागद माझ्यासमोर वाच.